विरघळणारी परांची : तुटलेली शीर, मोडलेलं हाड आणि आतून दिलेला आधार

(म्हसा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे, पुनरुक्ती तेवढी काढली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न व त्यांची उत्तरं दिली आहेत.)



म्हशाला मी लहानपणी यायचो ते यात्रेला. पौष पौर्णिमा, थंडी, बैलांचा बाजार, घोंगड्या, आणि मामाचा हात. मी लहान, त्यामुळे माझ्या मुठीत मामाच्या डाव्या हाताची दोनच बोटं मावायची, करंगळी आणि शेजारचं. ती दोन बोटं धरायला फार सोपी होती. कारण ती वाकायचीच नाहीत. सरळ, काठीसारखी. मला वाटायचं मामा माझ्यासाठी मुद्दाम तशी ठेवतो.

पुढे कळलं. भातकापणीत विळा निसटला होता. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातात विळा, आणि बोटांच्या आतल्या बाजूला वार. रक्त थांबलं, हळद दाबली, फडकं बांधलं. पंधरा दिवसांत कातडी जुळून आली. घरच्यांना वाटलं, बरं झालं. मग लक्षात आलं की बोटं वाकतच नाहीत. महिना-दीड महिन्यानं शहरात दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, शीर तुटलेली आहे आणि तिचं टोक आता तळहातात वर सरकून बसलंय.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे त्याचं नाव जरा अवघड आहे, 'जैवविघटनशील स्कॅफोल्ड'. माझं काम प्रयोगशाळेतलं. मी शस्त्रक्रिया करत नाही, शस्त्रक्रियेत वापरायचे पदार्थ बनवणाऱ्यांपैकी आहे. पण मला या विषयात कोणी ढकललं असं विचारलंत, तर ती मामाची दोन बोटं.

आधी 'शीर' म्हणजे काय ते पाहू. आपण बोलताना रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो, मज्जातंतूलाही नस म्हणतो, आणि स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीलाही शीरच म्हणतो. ही तिसरी जी आहे तिला शास्त्रात कंडरा म्हणतात, इंग्रजीत टेंडन. टाचेच्या मागे चिमटीत धरून बघा, जाड दोरखंड लागतो, तो कंडरा. बोट वाकवणारा स्नायू बोटात नसतो, तो इथे, कोपराखाली असतो. मूठ वळून बघा, कोपराजवळचं मांस हलतं. तिथून दोऱ्या निघतात, मनगटातून जातात आणि बोटाच्या टोकाला बांधलेल्या असतात. कळसूत्री बाहुलीसारखं. दोरी कापली की वरचा स्नायू तिला आपल्याकडे ओढून घेतो. म्हणून टोक सरकतं. म्हणून कातडी शिवून भागत नाही.

ही दोरी कशाची असते? कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची. आपल्या शरीरात जेवढं प्रथिन आहे त्यातलं सुमारे ३० टक्के एकटं कोलॅजेन. कातडीत तेच, कंडरेत तेच, हाडातही तेच. आणि त्याची घडण कशी आहे हे शोधण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ आणि १९५५ मध्ये दाखवून दिलं की कोलॅजेन म्हणजे तीन पदर एकमेकांभोवती पिळलेली दोरी आहे. त्यासाठी त्यांनी क्ष-किरणांनी काय तपासलं? कांगारूच्या शेपटीची कंडरा! (हशा)

इथे दावी आणि कासरे वळणारी माणसं बसली असतील. दोर वळताना तुम्ही काय करता? पदराला एक पीळ देता, आणि तीन पदर एकत्र करताना उलटा पीळ देता. एकाच बाजूचा पीळ दिला तर दोर उकलतो. कोलॅजेनमध्ये हेच आहे. प्रत्येक पदर डावीकडे पिळलेला, आणि तिघांचा मिळून पीळ उजवीकडे. ही अक्कल माणसाला यायच्या कितीतरी आधी निसर्गाला होती.

आता हाड. मी ही एक वस्तू आणलीय, पुढच्या रांगेत फिरवा. कोंबडीच्या तंगडीचं हाड आहे, पाच दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलेलं. वाकवून बघा. रबरासारखं वाकतं. व्हिनेगरनं त्यातला चुना, म्हणजे कॅल्शियमचे क्षार काढून घेतले, आणि मागे राहिलं ते कोलॅजेन. याच्या उलट, चुलीत जळालेलं हाड बघा. आकार तसाच, पण बोटानं दाबलं की चुरा. तिथे कोलॅजेन जळून गेलं आणि क्षार राहिले. म्हणजे हाड काय आहे? वजनानं साधारण दोन तृतीयांश खनिज, आणि बाकी मुख्यतः ही कोलॅजेनची दोरी. खनिजानं कणखरपणा येतो, दोरीनं चिवटपणा.

आता तुम्ही विचाराल, मग पाया सूप प्यायलं की हाड जुळतं का? पायामध्ये कोलॅजेनच असतं, बरोबर आहे. शिजवलं की ते तीन पदर उकलतात आणि जिलेटिन होतं, म्हणून थंड झाल्यावर सूप थिजतं. पण पोटात गेल्यावर त्याचे बारीक तुकडे होतात. डाळीचे होतात, अंड्याचे होतात, तसेच. शरीर त्या तुकड्यांमधून त्याला हवं ते बांधतं. चांगलं अन्न आहे, प्या. पण ते थेट मोडलेल्या जागी जाऊन चिकटत नाही. आणि ज्याला परवडत नाही त्यानं डाळ, अंडी, दूध नीट खाल्लं तरी चालेल.

हाड आणि कंडरा यांत एक मोठा फरक आहे, आणि आजच्या सगळ्या विषयाचं मूळ तिथेच आहे. हाड मोडलं आणि दोन्ही टोकं नीट एकमेकांना लावून स्थिर ठेवली, तर हाड हाडानंच भरून येतं. वर्षभरानं फोटो काढला तर कधीकधी कुठे मोडलं होतं ते ओळखू येत नाही. कंडरेचं तसं नाही. तिला रक्तपुरवठा कमी, आत पेशी थोड्या. ती जुळते, पण व्रणानं जुळते. सरळ वळलेल्या दोराच्या मध्ये सुंभाचा गुंता भरावा तसं. वर्षभर ती स्वतःला सुधारत राहते, तरी मूळची घडण पूर्ण परत येत नाही. शिवाय बोटात कंडरा एका अरुंद नळीतून सरकत असते. गुंता नळीला चिकटला की शिवलेली कंडराही हलत नाही. एके काळी शल्यचिकित्सक म्हणायचे की बोटाच्या त्या भागात कंडरा शिवायच्या भानगडीत पडूच नका. आता शिवतात, तंत्र सुधारलंय, पण अजूनही ते सोपं काम नाही.

आणि हाडाचीही एक मर्यादा आहे. मध्ये अंतर पडलं नाही तर ते जुळतं. ट्रॅक्टर उलटला, मोटारसायकलचा अपघात झाला, हाडाचा तुकडाच उडून गेला, किंवा जंतुसंसर्गानं सडलेला भाग कापावा लागला, आणि मध्ये दोन-तीन सेंटिमीटरची पोकळी राहिली, तर शरीर ती स्वतःहून बहुधा भरत नाही. तिथे पोचायला पेशींना वाटच नसते. पोकळीत मऊ व्रण भरतो आणि हाड तसंच दुभंगलेलं राहतं.

मग करायचं काय? आजही सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून तिथे भरायचं. उत्तम चालतं. पण कमरेत किती हाड शिल्लक असणार? आणि ज्यांचं काढलंय त्यांना विचारा, पायापेक्षा कमर जास्त दिवस दुखते. दुसरा उपाय सोव्हिएत संघातल्या कुर्गान गावच्या इलिझारोव्ह यांचा, बाहेरून कड्या लावून हाड दिवसाला एक मिलिमीटर या गतीनं ताणत वाढवायचं. विलक्षण पद्धत आहे, पण महिनोन् महिने कड्या पायात. शेतावरच्या माणसाला ते फार जड जातं.

इथे स्कॅफोल्ड येतं. मराठीत सरळ शब्द आहे, परांची. घर बांधताना बांबू बांधतात ना, गवंड्याला उभं राहायला, ती. विचार असा : पोकळीत अशी एक जाळीदार वस्तू ठेवायची जिच्यावर शरीराच्या पेशी चढतील, पसरतील, स्वतःचं कोलॅजेन विणतील, त्यात खनिज भरतील. आणि जसजसं नवं हाड तयार होईल तसतशी ती परांची विरघळून जाईल. वर्षा-दोन वर्षांनी तिथे फक्त तुमचं हाड. स्टीलची पट्टी घातली तर ती कधीकधी परत काढावी लागते, दुसरं ऑपरेशन, दुसरा खर्च, दुसरी मजुरी बुडते. शिवाय पट्टी भार आपल्या अंगावर घेते. जर्मन वैद्य युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम आहे की हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. भार येतो तिथे ते जाड होतं, भार नसेल तिथे विरतं. फार मजबूत पट्टीच्या सावलीत हाड आळशी होतं.

परांचीची उपमा मला अर्धीच पटते, हे सांगून टाकतो. बांधकामाची परांची एका दिवशी कामगार येऊन सोडतात. इथे सोडायला कोणी नाही. म्हणून कमानीचा विचार करा. जुन्या दगडी पुलाची कमान बांधताना खाली लाकडी साचा असतो. मधला दगड बसून चुना घट्ट होईपर्यंत साचा हवा. लवकर काढला तर कमान कोसळते. आता अशी कल्पना करा की तो साचा काढायचा नाहीये, तो आपोआप कुजणार आहे, आणि चुना घट्ट व्हायच्या गतीनंच कुजायला हवा. आमचं आयुष्य या एका गोष्टीत जातं, गती जुळवण्यात.

जाळी कशी असावी? घावन घ्या, त्यालाही जाळी असते. पण त्याची भोकं बरीचशी सुटी सुटी. आता वाळलेलं घोसाळं घ्या, अंग घासायला वापरतो ते. त्यात पाणी एका टोकाला ओतलं तर दुसऱ्या टोकाला निघतं. भोकाला भोक जोडलेलं आहे. आम्हाला घोसाळं हवंय, घावन नको. कारण पेशीला जगायला रक्त लागतं. केशवाहिनीपासून साधारण ०.२ मिलिमीटरपेक्षा लांब असलेली पेशी तग धरत नाही. तेव्हा पेशींच्या मागोमाग नव्या रक्तवाहिन्यांनाही आत शिरता आलं पाहिजे. हाडासाठी भोकं ०.१ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपासची ठेवतात. कंडरेसाठी नुसती भोकं चालत नाहीत, तिथे धागे एका दिशेनं हवेत, कारण पेशी धाग्याच्या दिशेनं लांबतात आणि त्याच दिशेनं कोलॅजेन विणतात. विस्कटलेल्या धाग्यांवर विस्कटलेलीच दोरी होणार.

अशी जाळी बनवायची एक युक्ती तुम्ही कुल्फीत पाहिलेली आहे. दूध गोठताना पाण्याचे स्फटिक होतात आणि बाकीचा माल कडेला ढकलला जातो. तो बर्फ नंतर निर्वातात उडवून लावला की बर्फाच्या जागी भोकं राहतात आणि ढकललेल्या मालाच्या भिंती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गुरुस्वामी कुमारस्वामी यांच्या गटानं या बर्फाच्या साच्यावर बरंच काम केलं. दाबला तर दबणारा आणि सोडला की मूळ आकाराला येणारा स्पंज. म्हणजे छोट्या छेदातून आत सरकवता येईल.

आता माल कुठला? इथे मी जरा वेळ घेणार आहे.

पहिला, प्राण्यांपासूनचा. कोलॅजेन हे बहुतेक वेळा गाई-बैलांच्या किंवा डुकराच्या कातडी-कंडरेपासून काढतात. कुणाला धर्मानं किंवा मनानं ते चालत नसेल, तर ऑपरेशनच्या आधी 'हे कशापासून केलंय?' असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. लाजू नका. रेशमाचं प्रथिन, कोळंबीच्या सालापासूनचं कायटोसान, यांवरही काम चालू आहे.

दुसरा, रसायनशाळेत बनवलेला. यातलं मुख्य नाव पॉलिलॅक्टिक आम्ल. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्यातलं आम्ल. धावून धावून पाय भरून येतात तेव्हा स्नायूतही तेच तयार झालेलं असतं. त्याचे हजारो कण साखळीसारखे जोडले की प्लॅस्टिकसारखा धागा होतो. शरीरातल्या पाण्यानं साखळी हळूहळू तुटते, पुन्हा लॅक्टिक आम्ल होतं, आणि शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे निघून जातं. त्याचाच भाऊ पॉलिग्लायकॉलिक आम्ल, त्याचे टाके १९७० च्या सुमारास बाजारात आले. 'टाके आपोआप विरघळतील' असं डॉक्टर म्हणतात, ते टाके याच घराण्यातले. दोघांचं मिश्रण कमीजास्त केलं की विरघळण्याचा काळ एक-दोन महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत बदलता येतो.

तिसरा, मातीच्या जातीचा. हायड्रॉक्सीअपाटाइट म्हणजे हाडातल्या खनिजाचाच भाऊबंद, आणि त्याहून लवकर विरणारा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. अमेरिकेत लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये अशी काच बनवली जी हाडाला स्वतःहून चिकटते. त्याआधी एका बसप्रवासात व्हिएतनाम युद्धावरून आलेल्या एका लष्करी अधिकाऱ्यानं त्यांना विचारलं होतं, शरीर नाकारणार नाही असा पदार्थ तुम्ही लोक बनवू शकत नाही का? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हायड्रॉक्सीअपाटाइट आणि अशी काच एकत्र करून हाडाच्या पोकळीत भरायचे दाणे विकसित केले गेले. खनिज हाडाला मानवतं, पण एकटं असलं की खापरीसारखं ठिसूळ. म्हणून त्यात धागा मिसळायचा. म्हणजे फिरून परत निसर्गाच्याच कृतीकडे, खनिज अधिक दोरी.

ही कल्पना नवी आहे असं समजू नका. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांनी १८६९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका वासराची मानेतली धमनी त्यांनी जनावराच्या आतड्यापासून बनवलेल्या दोऱ्यानं बांधली आणि महिन्याभरानं उघडून पाहिलं. दोरा पचून गेलेला आणि त्याच्या जागी वासराच्याच जिवंत ऊतींचं कडं तयार झालेलं. परांची विरली, भिंत उभी राहिली. फक्त त्या काळी कुणी त्याला परांची म्हटलं नाही.

आणि त्याहूनही मागे जायचं तर सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाला बाहेरून बांधायच्या पट्ट्या सांगितल्यात, त्यांना कुश म्हणतात. कशाच्या? मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबू. मुरबाड-शहापूरच्या रानात यातली सगळी झाडं आहेत. आपले हाडवैद्य आजही बांबूच्या कांबी बांधतात. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, साधं मोड नीट बांधलं तर जुळतं. पण एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. बांधल्यानंतर बोटं बधिर झाली, गार पडली, काळी-निळी झाली, किंवा दुसऱ्यानं बोटं सरळ करताना जीव जाईल असं दुखलं, तर ते बांधलेलं त्याच क्षणी सोडा आणि रुग्णालय गाठा. सकाळची वाट बघू नका. आत रक्त कोंडलं की काही तासांत स्नायू मरतो, आणि मेलेल्या स्नायूला परत उठवेल असं स्कॅफोल्ड आमच्याकडे नाही.

आता चुका सांगतो. कारण वर्तमानपत्रात फक्त चमत्कार येतात.

१९८० च्या दशकात फिनलंडमध्ये घोट्याच्या मोडीसाठी पॉलिग्लायकॉलिक आम्लाच्या विरघळणाऱ्या सळ्या वापरल्या. हाडं जुळली. पण काही रुग्णांना दोन-तीन महिन्यांनी तिथे सूज आली, पू झाल्यासारखा स्राव येऊ लागला, आणि जंतू मात्र सापडेनात. सळी इतक्या वेगानं विरघळत होती की शरीराला तो माल उचलायला वेळच मिळत नव्हता. आम्ल एकदम साठलं. गती चुकली.

उलट बाजूनं, कंडरा आणि अस्थिबंधासाठी कार्बनचे धागे वापरून पाहिले होते. ते विरघळायचे नाहीत, तुटायचे, आणि सांध्यात काळी भुकटी पसरायची. डुकराच्या आतड्याच्या आवरणाचा तुकडा खांद्याच्या फाटलेल्या कंडरेवर लावायची एक पद्धत मोठ्या आशेनं आली. २००६ मध्ये तिची नीट तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा तुकडा न लावलेल्यांपेक्षा लावलेल्यांचं काही बरं झालेलं नव्हतं. प्राण्यांवर छान चाललं होतं.

तिसरी गोष्ट औषध भरलेल्या परांचीची. मार्शल युरिस्ट या अमेरिकन डॉक्टरांनी १९६५ मध्ये दाखवलं की खनिज काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तर तिथे, स्नायूत, नवं हाड तयार होतं! म्हणजे हाडात 'इथे हाड बांधा' असा निरोप देणारं प्रथिन आहे. ते वेगळं केलं, कोलॅजेनच्या स्पंजात भिजवलं, आणि २००२ मध्ये अमेरिकेत कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळाली. मग काहींनी ते मानेत वापरलं. मानेत सूज येऊन रुग्णांचा श्वास कोंडल्याच्या तक्रारी आल्या, आणि २००८ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेला इशारा द्यावा लागला. निरोप बरोबर होता, पण फार मोठ्यानं ओरडून दिला होता, आणि चुकीच्या घरात.

मग चाललंय काय? चाललंय बरंच. हाडाच्या लहान पोकळ्या भरायचे दाणे आणि विरघळणारे स्क्रू आज आपल्या शहरांमध्ये रोज वापरले जातात. मॅग्नेशियमचे विरघळणारे स्क्रू जर्मनीत बनतात, त्यांना २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. आणि कबड्डीवाल्यांनी कान इकडे द्या. गुडघ्यातला तो पुढचा अस्थिबंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो तुटला की आजवर दुसरीकडची कंडरा काढून नवा बसवतात. बोस्टनच्या मार्था मरे यांनी विचारलं, तुटलेला का जुळत नाही? कारण सांध्यातल्या द्रवात रक्ताची गाठ टिकतच नाही, दोन टोकांमध्ये पूलच होत नाही. म्हणून त्यांनी कोलॅजेनचा स्पंज मध्ये ठेवला, तो रुग्णाच्याच रक्तानं भिजवला. साधारण दोन महिन्यांत स्पंज विरून जातो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण त्या मान्यतेला अट होती : इजा झाल्यापासून ५० दिवसांच्या आत ऑपरेशन. इथेही वेळ.

आपल्याकडे हाड आणि कूर्चेसाठी रुग्णाच्याच पेशी वाढवून परत घालायच्या उपचाराला २०१७ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, ते काम करणाऱ्या कंपनीची प्रयोगशाळा लोणावळ्यात आहे. म्हणजे घाट चढून फार लांब नाही. पण खर्चानं अजून लांब आहे, हेही खरं.

बोटाच्या कंडरेचं काय? मामाच्या बोटांसाठी? प्रामाणिकपणे सांगतो, बोटाच्या त्या अरुंद नळीत सरकेल, चिकटणार नाही, ओढ सहन करेल आणि वेळेवर विरेल असं रोजच्या वापरातलं स्कॅफोल्ड आजही नाही. कंडरा वेळेवर शिवणं हाच आजचा सर्वोत्तम उपाय.

म्हणून हे नीट ऐका. विळा, कोयता, पत्रा, काच, कशानंही हाताला खोल कापलं तर स्वच्छ वाहत्या पाण्यानं धुवा, स्वच्छ फडक्यानं दाबून धरा, हात वर ठेवा. तंबाखू, चुना, राख काही भरू नका. मग प्रत्येक बोटाचा प्रत्येक सांधा वेगवेगळा वाकतो का बघा. बोटाच्या टोकाला स्पर्श कळतो का बघा. एकही सांधा वाकत नसेल तर जखम कितीही लहान दिसो, कंडरा तुटलेली असू शकते. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्याच, आणि फक्त कातडीला टाके घालून घरी येऊ नका. 'शीर तपासली का?' असं विचारा. पहिल्या काही दिवसांत टोकाला टोक लावून शिवता येतं. तीन-चार आठवडे गेले की बहुधा दुसरीकडची कंडरा आणून बसवावी लागते. आणि शिवल्यानंतर दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास जोड सगळ्यात कमजोर असतो, तेव्हा बरं वाटतंय म्हणून बादली उचलू नका. सांगितलेला व्यायाम तेवढा करा, कमीही नाही, जास्तही नाही. बारा आठवडे जड काम नाही. कापणीच्या दिवसांत हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड आहे, मला माहीत आहे.

प्रश्नोत्तरं

एका आजोबांनी विचारलं : बैलाचा पाय मोडला तर असं काही बसवता येतं का? की त्याला सोडूनच द्यायचं?

उत्तर : आजोबा, चांगलं विचारलंत. वासरू असेल, मोड गुडघ्याखालचा असेल, कातडी फाटलेली नसेल, तर प्लॅस्टरनं चांगलं जुळतं. लहान जनावराचं हाड लवकर भरतं. मोठ्या बैलाचं अवघड, कारण चारशे-पाचशे किलोचं जनावर बिछान्यात झोपून राहत नाही. ते उठतं आणि सगळा भार त्या पायावर देतं. तेवढा भार सहन करणारं विरघळणारं काही अजून नाही. पण आधी मोडलेला पाय आहे तसा काठ्या-पोत्यांनी बांधून स्थिर करा आणि पशुवैद्यांना बोलवा. परळला १८८६ सालापासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे मोठ्या जनावरांचं रुग्णालय आहे. आणि एक सांगू? माणसाच्या हाडात ठेवायचं काहीही आधी मेंढ्या-शेळ्यांच्या हाडात ठेवून बघतात. त्यांचे उपकार आहेत आपल्यावर.

एका ताईंनी विचारलं : माझ्या भावाला एका ठिकाणी सांगितलं की स्टेम सेलचं इंजेक्शन दिलं की गुडघा नवा होईल. पैसे भरायला सांगितलेत.

उत्तर : ताई, अजून भरले नसतील तर थांबा. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांतलं अस्थिमज्जा-रोपण वगैरे मोजके उपचार सोडले, तर स्टेम सेल फक्त मान्यता घेतलेल्या चाचणीतच वापरता येतात. आणि चाचणी असेल तर रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात, उलट लेखी माहिती देऊन, तुम्हाला समजेल अशा भाषेत, संमती घ्यायची असते. तेव्हा विचारा, ही चाचणी आहे का, नोंदणी क्रमांक काय, मराठीत कागद द्या. उत्तर टाळलं तर उठून या.

एका तरुणानं विचारलं : विरघळणारा स्क्रू चांगला की स्टीलचा? आमच्या दवाखान्यात विरघळणारा महाग सांगितला.

उत्तर : महाग म्हणजे चांगला असं नाही. मांडीचं हाड, नडगी, जिथे भार आहे तिथे धातूच लागतो. घोट्याचे काही लहान तुकडे, गुडघ्यातली कंडरा बसवणं, लहान मुलांची काही हाडं, तिथे विरघळणारा उपयोगी. डॉक्टरांना एवढंच विचारा की माझ्या मोडीत धातू घातला तर तो पुढे काढावा लागेल का? 'नाही' म्हणाले तर जास्तीचे पैसे कशासाठी, तेही विचारा. रुग्णालय सरकारी आरोग्य योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. कागदावर सही करायच्या आधी त्याला भेटा, नंतर नाही.

शेवटी एका मुलानं, सातवी-आठवीतला असेल, विचारलं : मग तुमच्या मामाची बोटं आता नीट करता येतील का?

उत्तर : करता आली असती. दोन टप्प्यांत. आधी तिथे सिलिकॉनची सळी ठेवून नळी परत तयार करायची, आणि तीन महिन्यांनी सळी काढून पायातली एखादी कंडरा त्या जागी ओवायची. मी मामाला विचारलं होतं. तो म्हणाला, एवढी वर्षं या दोन बोटांशिवाय कापणी केली, आता विळा धरायचंच बंद केलंय, कशाला उगाच? मी पुढे काही बोललो नाही.